ओव्याच्या पाण्याची बाटली

पौषातली थंडी आमच्या नळदुर्गाला बोरी नदीच्या अंगानं येते. आधी पायांना कळते, मग कानांना. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते, कणसांत चीक भरत असतो, करडईच्या कडेनं जाताना लुगड्याला काटे धरतात. आणि याच दिवसांत घराघरांतून अभ्यासाचा आवाज यायला लागतो. एकसुरी, पुटपुटता, मधेच अडणारा. तो कानावर पडला की मला वाटतं, थंडी आता खरी आली.

आमची शुभा, माझी नात, लातूरला औषधांच्या कॉलेजात शिकते. परीक्षेआधी आठ दिवस घरी आली, ती खोकला घेऊनच. म्हणून काल तव्यावर ओवा भाजत होते. ती उंबऱ्यावर बसून कॉलेजातलं सांगत होती.

"आजी, आमच्याकडं दहा पोरांमागं एक सर असतात. शिकवायला नाही, सल्ला द्यायला. आपल्याला काय झेपतं, काय झेपत नाही, पुढं कुठं जावं, सगळं त्यांना विचारायचं."

"बरं हाय की."

"तुमच्या वेळी असलं काही नसंल."

मी ओवा हलवत राहिले. मग तिच्या काय मनात आलं, उठून आली आणि माझ्या हातात गोळ्यांची दोन पाकिटं ठेवली. "आता तू पेशंट. मला सराव करायचाय." आणि तिनं एका दमात सांगितलं, ही कधी, ती कधी, कशाबरोबर घ्यायची, कशाबरोबर नाही, चक्कर आली तर काय, विसरली तर काय. "समजलं?"

"समजलं," मी म्हणाले.

"बघ, किती सोपंय!" म्हणून ती खुशीत आत गेली.

मला त्यातलं काही समजलं नव्हतं. इतक्या वर्षांनी तेच खोटं तितक्याच सहज माझ्या तोंडून निघालं, याचं मलाच नवल वाटलं. तव्यावर ओवा तडतडला, त्याचा उग्र वास डोळ्यांत गेला, आणि मला आमच्या त्या जुन्या बिऱ्हाडाची मोरी दिसायला लागली.

मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलायचं म्हटलं तर अजून जीभ टाळूला चिकटते. पण शुभाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत आणि दुपार लांब आहे.

माझं लग्न झालं तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि जगात कुठंतरी मोठी लढाई चालली होती. लढाई आम्हाला कळायची ती कोयनेलमुळं. हिवतापाची माणसं सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर घोंगड्या पांघरून कुडकुडत बसायची आणि कोयनेल पुरायचं नाही. हे त्या दवाखान्यात उमेदवार होते. उमेदवार म्हणजे शिकाऊ. औषधं खलायची, पुड्या बांधायच्या, बाटल्या भरायच्या, आणि तयारी झाली की हैदराबादला जाऊन दवासाजीची परीक्षा द्यायची. पुढं लोक ज्याला कंपाउंडर म्हणायला लागले, तो दवासाज. परीक्षा सगळी उर्दूत.

दवाखान्याचे मोठे दवासाज होते मोईनचाचा. आम्ही त्यांच्याच घरातल्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. अंगण एक, आड एक, मोरीही एकच. माझं वय पंधरा. सासर लांबच्या खेड्यात, तिथं दीर शेती बघायचे. त्यांनी ह्यांना निक्षून सांगितलं होतं, "यंदाचं शेवटचं. यंदा हैदराबाद झालं न्हाय तर गप गावी यायचं आन् औताला लागायचं." ह्यांना औत नको होतं. त्यांना पुस्तक हवं होतं. ते पहाटे अंगणात येरझाऱ्या घालत औषधांची नावं म्हणायचे, ती ऐकत मी सडा घालायची. अर्थ कळायचा नाही, पण कुठं अडले ते कळायचं. अडले की माझा हात थांबायचा.

परीक्षेला जायचं तर चाचांच्या सहीचा शिफारशीचा कागद लागायचा. पौष पुनवेला खंडोबाची जत्रा, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ते कागद टपालानं जायचे. त्याआधी सही झाली तर झाली, नाही तर वर्ष गेलं.

चाचांचं वर्णन काय करू. उंच, किडकिडीत, डोईवर रुमी टोपी, आणि बोटं अशी स्वच्छ की जेवणाऱ्याचीही तेवढी नसतील. ते बाटली भरताना मी एकदा अंगणातून पाहिलं होतं. औषध मापातून बाटलीत गेलं आणि मापाच्या ओठावर थेंब राहिला नाही. बाटलीला ते कागदाची पट्टी चिकटवायचे. पट्टीला दोन्ही कडांनी कात्रीनं खाचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक वेळचं औषध. अक्षर न येणाऱ्यालाही ती वाचता यायची. चाचांची पट्टी शेजारी ठेवून दुसऱ्याची पाहिली तर दुसऱ्याची उंदरानं कुरतडलेली वाटायची.

पण मला त्यांचं नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. संध्याकाळी ते ओसरीवर बसायचे आणि उमेदवार एकेक करून त्यांच्यापाशी यायचे. चाचा धडा शिकवायचे नाहीत. धडा दवाखान्यात. इथं ते नुसतं ऐकायचे, आणि शेवटी एखादं वाक्य बोलायचे. मी चाचींच्या खोलीत, दाराच्या पडद्यामागं पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली असायची. चाची पडद्यातल्या, मी लाजरी, आमचं दोघींचं छान जमायचं.

"परीक्षेचा पर्चा हातात आला की आधी पाणी प्या," ते सांगायचे. "मग वाचा. येतंय ते सावकाश लिहा, जे नाही येत तिथं नाही येत म्हणा. ऐसा-वैसा भरू नक्को. तपासणारा बी कधीतरी उमेदवारच होता."

जळकोटच्या शिवाप्पाचं मला आठवतं. दांडगा, गोरा, आणि औषधांचा वास आला की त्याच्या पोटात ढवळायचं. बापानं हट्टानं घातलेला. वर्षभर तो ओकत, पुन्हा उभा राहत शिकला. एक दिवस चाचा त्याला म्हणाले, "शिवाप्पा, काल बियाच्या जोंधळ्याची मूठ तू हातावर घेतलीस नि किडका दाणा न बघता बाजूला काढलास. कसा?"

"बोटाला कळतंय की चाचा."

"मला चाळीस साल झाले, मला नाही कळत. अल्लानं ज्याच्या बोटात शेत दिलं, त्यानं इथं बाटल्या कशाला धुवाव्या? घरी जा बेटा. तुझ्या अब्बाला मी सांगतो."

आणि खरंच ते स्वतः जळकोटला जाऊन त्याच्या वडिलांशी बोलले. नापास झाला असं कुणाला म्हणू दिलं नाही. पुढं दर पौषात शिवाप्पा हुरड्याची कणसं घेऊन यायचा, आधी चाचांच्या पायाशी ठेवायचा, मगच बसायचा. एखाद्याला नाही म्हणावं तर असं, असं मला तेव्हाही वाटलं.

त्या वर्षी राहिले दोघं. आमचे हे आणि तामलवाडीचा व्यंकट. ह्यांना चाचा 'पंडित' म्हणायचे, कारण पुस्तक सगळं तोंडपाठ. व्यंकटाला उर्दू वाचताना घाम फुटायचा, पण त्याच्या पुड्या सुबक, आणि दवाखान्यातल्या म्हाताऱ्या त्यालाच हाका मारायच्या.

चाचांची एक रीत होती. कागदावर सही करण्याआधी ते प्रत्येक उमेदवाराकडून ओव्याचं पाणी भरलेली एक बाटली तयार करून घ्यायचे. पट्टी, बूच, सगळं खऱ्यासारखं. मग उमेदवारानं ती एखाद्या बाईला द्यायची आणि कशी घ्यायची ते सांगायचं. तिनं ती घरी न्यायची. तिसऱ्या दिवशी बाटली परत, आणि चाचा पट्टीवर बघायचे, पाणी कुठल्या खाचेला आलं. हैदराबादेत कुणी हे विचारत नव्हतं. हा त्यांच्या घरचा पर्चा होता.

आधी हे काम चाची करायच्या. पण इतकी वर्षं करून त्यांना सगळं पाठ झालेलं. "आता मी काय पेशंट? मीच अर्धी दवासाज," असं म्हणून त्या हसायच्या. म्हणून व्यंकटाची बाटली दूध घालणाऱ्या गंगूबाईकडं गेली. आणि ह्यांची बाटली माझ्याकडं.

"घरातली बाई? मग तर सोपंच," हे म्हणाले.

"देखेंगे," चाचा म्हणाले.

मी पडद्याआड उभी राहिले. हे पडद्यापलीकडून बोलले. आमच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण ते माझ्याशी इतकं लांबलचक वाक्य कधी बोलले नव्हते. "बाटली हलवून घ्यायची. एका वेळी एक खाच. दिवसातून तीनदा, जेवणानंतर. रिकाम्या पोटी घ्यायची नाही." आवाज खणखणीत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

चाचांनी मला आडावरून कळशी भरून आणायला सांगितलं. आणून परत उभी राहिले तेव्हा विचारलं, "बेटी, काय सांगितलं?"

मी शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. चौथीत पाठांतराला माझा पहिला नंबर असायचा.

"समजलं ना सगळं?"

"व्हय. समजलं."

बाटली घेऊन मी आमच्या खोलीत आले, देवाच्या कोनाड्याखाली ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले. कोनाड्यात घट बसलेला होता. शाकंभरीचं नवरात्र. आमचं कुळदैवत तुळजाभवानी, सासूबाईंचा नेम होता, त्या गेल्यावर तो माझ्याकडं आला. पुनवेपर्यंत उपास. दिवस मावळल्यावर थोडी भगर, दिवसा लागलेच तर दोन शेंगदाणे, तो फराळ. त्याला कुणी जेवण म्हणत नाही. आणि ओवा तर उपासाला चालतच नाही.

मग मी ती बाटली कधी घ्यायची?

विचारायला हवं होतं. पण कुणाला? ह्यांना विचारायचं म्हणजे त्यांनी सांगितलेलं पुरलं नाही असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं, तेही अंगण ओलांडून चाचांना ऐकू जाईल असं. त्यांना माझा उपास माहीत नव्हता का? घट त्यांच्या समोर होता. पण त्यांचं ताट वाढून झालं की मी काय खाते, कधी खाते, हे कधी त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. त्यात त्यांचं वाईट काही नव्हतं. तेव्हा कुठल्याच पुरुषाच्या ध्यानात ते यायचं नाही.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. पाणी वरच्या खाचेला तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करताना गुणगुणत होते. "आज सही," म्हणाले. मला वाटलं, माझ्यामुळं हे औताला जाणार.

हे बाहेर गेल्यावर मी बूच काढलं. एक खाच मोरीत ओतली. मग दुसरी. पट्टी डोळ्यासमोर धरून सहा खाचा मोजून ओतल्या. वरून मोरीत तांब्याभर पाणी घातलं. पुन्हा बाटली उजेडात धरली. पाणी बरोब्बर खाचेवर. मला माझ्या हुशारीचं बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

दुपारी ओसरीवर दोघं उमेदवार बसले. आधी गंगूबाई आपली बाटली घेऊन आली. कोरडी ठणठणीत.

"गंगूबाई, हे काय?" चाचांनी विचारलं.

"पिले की."

"आठ वेळचं होतं. कधी पिलीस?"

"त्याच दिशी. लई झ्याक लागलं बघा. अर्धं सुनेला दिलं, तिचं बी पोट दुखत होतं. अजून हाय का?"

व्यंकटानं कपाळावर हात मारला. "मावशे, म्या तुला काय सांगितलं व्हतं?"

"तू सांगितलंस थोडं थोडं घे. मी म्हणलं, थोडं थोडं घेऊन थोडंच बरं वाटणार. समदं घेतलं की समदं बरं."

चाचा इतके हसले की त्यांना टोपी काढून मांडीवर ठेवावी लागली. पडद्याआड चाचींनी तोंडात पदर कोंबला. हेही हसले. ह्यांचं हसणं जरा मोठं होतं, आपली बाटली येणार आहे म्हणून.

मी पडद्याखालून बाटली सरकवली.

चाचांनी ती उचलली. पट्टी बघितली. बूच काढून नाकाशी नेलं. मग हळू म्हणाले, "बेटी, सकाळपासून मोरीला ओव्याचा वास येतोय. माझ्या घरात आज कुणी ओवा भाजला नाही."

चाचींनी माझा हात धरला. त्यांचा हात मऊ होता, मेंदीचा रंग उतरत आलेला. मला वाटलं, गप्प बसावं. गप्प बसलं की गोष्टी निघून जातात, हे मी लहानपणापासून शिकले होते.

पण चाचा वाट बघत होते. ते कसं सांगावं कळत नाही. काही माणसं गप्प बसली की भीती वाटते. चाचा गप्प बसले की जागा झाल्यासारखं वाटायचं. पाटावर आपल्यासाठी कुणी सरकून बसावं तसं.

"मी जेवलेच नाही," मी म्हणाले. परक्या पुरुषासमोर माझ्या स्वतःच्या मनातलं असं ते पहिलंच वाक्य. "नवरात्राचा उपास आहे. जेवणानंतर घ्यायचं म्हणाले. मी जेवलेच नाही तर कधी घेऊ? म्हणून ओतलं. ह्यांना नाही माहीत. ह्यांचा कागद अडवू नका."

कुठंतरी कबुतरं घुमत होती. गंगूबाई म्हणाली, "आत्ता गं बाई!" आणि आपली चरवी उचलून निघून गेली.

चाचा ह्यांच्याकडं वळले. मला दिसत नव्हतं, पण आवाज कुठं वळला ते कळत होतं. "पंडित, तुमचं सांगणं पुस्तकात आहे तसंच होतं. एक हरफ चुकला नाही. हिनं शब्दाला शब्द परत केला. मी बी खूश झालो असतो. और दवा कुठं गेली? मोरीत."

"पण चाचा, तिनं विचारायचं होतं ना," हे म्हणाले. आवाज दुखावलेला.

"ती तुमची इज्जत राखत होती. उद्या तुमच्यापुढं सोनारीहून, जळकोटहून बाई येईल. ती बी डोईवर पदर घेऊन 'व्हय साहेब, घेतलं साहेब' म्हणेल, तुमचीच इज्जत राखायला. लोक डॉक्टरला शिव्या देत नाहीत, पंडित. लोक डॉक्टरला खूश करतात. खूश करत करत मरतात. ज्याच्यापुढं माणूस 'मी नाही घेतलं' म्हणू शकतो, तो दवासाज. बाकी सब बाटल्या भरणारे."

मग म्हणाले, "कागद इथंच आहे. पुनवेला अजून तीन दिवस आहेत. दोघं बी नवी बाटली आणा."

त्या संध्याकाळी हे माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं, जेवले, हात धुतला. "माझं वर्ष घालवलंस," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे येरझाऱ्या नाहीत, नावं नाहीत. मी सडा घातला तर अंगण मुकं वाटलं. गावी जायचं बोचकं मनातल्या मनात बांधायला घेतलं मी.

ऊन वर आल्यावर मी चुलीपुढं शेंगदाणे भाजत होते. हे दारात आले. आत आले नाहीत. चौकटीला टेकून उभे राहिले आणि चुलीकडं बघत म्हणाले, "तू कधी जेवतेस?"

मला वाटलं, रागानं विचारतात. मी मान खाली घातली.

"न्हाय, खरंच विचारतोय. रोजचं. उपास नसला तेव्हा. कधी जेवतेस?"

वर्षभरात त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. पाणी दे, कंदील आण, हे नाही. विचारलं. आणि मला उत्तर येत होतं.

मी सांगितलं. की तुम्ही जेवून गेल्यावर, भांडी झाल्यावर, कधी उन्हं कलल्यावर. भाकरी उरली तर. पाव्हणं आलं तर संध्याकाळीच. सोमवारी नाही, चतुर्थीला नाही. म्हणजे दिवसातून तीनदा जेवण हे मी माहेरीसुद्धा पाहिलं नाही. कामावर जाणाऱ्या बायका दोनदा खातात, त्यातलं एकदा बांधावर. तिथं बाटली कोण नेणार?

ते बसले. दारातच, उंबऱ्यावर. "मग न चुकता रोज काय करतेस?"

"आडावर जाते. दिवस उगवताना, माथ्यावर आल्यावर, आणि दिवेलागणीला."

"उपासालाही?"

"पाण्याला कुठला आलाय उपास?"

ते हसले. मीही हसले असेन. शेंगदाणे करपले.

नव्या बाटलीत त्यांनी ओवा घातला नाही, बडीशेप घातली. "उपासाला चालते का?" असं आधी मलाच विचारून. पडद्यामागं मी उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "बाई, आडावर जायच्या आधी एक खाच. दोन शेंगदाणे तोंडात टाकून. आणि एखाद्या वेळी राहिलं तर राहिलं म्हणून सांगा, मी रागावणार नाही." शेवटचं सांगताना त्यांचा आवाज खणखणीत नव्हता. मला तो आवाज जास्त आवडला.

पुनवेच्या दिवशी खंडोबाच्या जत्रेचा हलगीचा आवाज गडाकडून येत होता, हवेत भंडारा होता, आणि मी पडद्याखालून बाटली सरकवली. एक खाच जास्त उरलेली.

"ही का राहिली, बेटी?"

"काल दुपारी माझ्या बदली आडावर शेजारीण गेली. मी विसरले."

कागदावर टाक फिरल्याचा आवाज मी ऐकला. कुरकुर, कुरकुर, मग फुंकर. व्यंकटानं गंगूबाईसाठी सहा वेगळ्या इवल्या कुप्या भरल्या होत्या, एका वेळी एकच द्यायची, दूध घालायला येईल तेव्हा. त्याच्याही कागदावर सही झाली. दोघं हैदराबादला गेले. हे पहिल्याच वेळी पास झाले; व्यंकट उर्दूत राहिला, तो दुसऱ्या वेळी झाला. तो दुसऱ्यांदा निघाला तेव्हा चाचा त्याला म्हणाले होते, "पर्चा पुन्हा येतो, व्यंकट. माणसं परत येत नाहीत. तुझी माणसं टिकली, पर्चा बी होईल."

पुढची वर्षं वाईट आली. राज्य बदललं. त्या धामधुमीनंतर चाचा-चाची निजामाबादला लेकीकडं निघून गेले. त्या दिवसांविषयी मला लिहायचं नाही. एवढंच लिहिते, की हे त्यांचं सामान स्वतःच्या डोक्यावर घेऊन मोटारीपर्यंत गेले. आणि निघताना चाचींनी मला जवळ घेऊन कानात सांगितलं, "उन्को मालूम था. तेरा उपास है करके मैंच बोली थी. इसलिए तेरे कोच बाटली दिए." म्हणजे चाचांनी ती बाटली माझ्या हातात ठरवून दिली होती. तो पर्चा ह्यांचा होता, असं मी इतके दिवस समजत होते. थोडा माझाही होता.

ह्यांनी जन्मभर खेड्यापाड्यांतून औषधं दिली. पट्टीच्या जागी छापील चिठ्ठ्या आल्या, खाचांच्या जागी गोळ्या आल्या. पण खिडकीशी आलेल्या बाईला ते आधी विचारायचे, "जेवता कधी?" लोक थट्टा करायचे, दवाखाना आहे का खाणावळ. हे हसायचे. आणि घरी माझं ताट त्यांच्या ताटाशेजारी मांडायचे. तो नेम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही.

लिहिता लिहिता ऊन अंगणातून गेलं. आतून शुभाचा आवाज येतोय, तोच एकसुरी, पुटपुटता. मघाशी एका जागी अडली, आणि माझा हात थांबला. गोळ्यांची ती दोन पाकिटं अजून माझ्याजवळच आहेत. उद्या ती लातूरला जाईल. तिच्या त्या सरांना ती सांगेल, आजीला एका दमात समजलं. आणि खिडकीशी उभ्या राहिलेल्या कुठल्यातरी बाईला तसंच एका दमात सांगेल.

वही बाजूला ठेवून मी उठले. दारात जाऊन उभी राहिले.

"शुभा."

"काय गं आजी?"

जीभ टाळूला चिकटलीच. या वयातसुद्धा. तिनं पुस्तकातून मान वर केली आणि गप्प राहिली, माझी वाट बघत.

"मला काल काहीच समजलं न्हाय," मी म्हणाले. "पुन्हा सांग. पण आधी मला विचार, मी जेवते कधी."